निळी टी, लाल टी आणि माझे हरवलेले अकरा बॉल

कडक_भाकरी | रविवार, रात्री १०:१२

दिवाळीनंतर दोन दिवस पुण्याजवळच्या एका डोंगरावरच्या गोल्फ रिसॉर्टला खेळून आलो. त्यावर लिही म्हणून चार मित्र मागे लागलेत. त्यातल्या तिघांना गोल्फ म्हणजे श्रीमंत म्हाताऱ्यांचं फिरायला जाणं वाटतं. चौथ्याला फक्त माझी फजिती वाचायची आहे. हा धागा चौथ्यासाठी.

नवीन लोकांसाठी ओळख. वय ४७, सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना. गोल्फशी माझा काडीचा संबंध नव्हता. ७ ऑगस्ट २०२१च्या सकाळी कारखान्यात लाइट नव्हती म्हणून मोबाइलवर ऑलिंपिक लावलं, तर अदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती. चार दिवस, ७२ होल, आणि एका फटक्याने पदक हुकलं. चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राने सोनं जिंकलं आणि सगळं गाव भाल्यावर बोलायला लागलं. मी मात्र त्या एका फटक्यातच अडकून पडलो. पंधरा दिवसांत पुण्यातून कुणाचा तरी गोल्फच्या काठ्यांचा जुना अर्धा सेट उचलून आणला.

सराव तुळजापूर रोडला, मेहुण्याच्या पडीक रानात. साठ जुने बॉल आणि एक बादली. मार्चनंतर जमीन अशी टणक होते की बॉल टप्पा खाऊन चाळीस यार्ड पळतो. भाद्रपदात तोच बॉल काळ्या मातीत पडला की तिथेच रुततो, वर चिखलाचा गोळा. दोन्ही हंगामांत माणसाचा स्वतःबद्दल गैरसमज होतो. मे महिन्यात मी स्वतःला २३० यार्डवाला समजत होतो.

तर पहिला दिवस. आम्ही चौघं : मी, पुण्याचा साडू आणि त्याच्या ऑफिसातले दोघं. स्टार्टरने विचारलं, कुठल्या टीवरून? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : होल म्हणजे सुरुवातीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा. एकाच होलला सुरुवातीच्या तीन-चार जागा असतात, त्या टी. तिथे मागे निळी, मध्ये पांढरी, पुढे लाल. होल तोच, ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) तेच, अंतर वेगळं. निळ्यावरून तो कोर्स साडेसहा हजार यार्डांच्या वर, लालवरून पाच हजार दोनशेच्या आसपास.

साडू म्हणाला, "निळी. एवढी ग्रीन फी भरलीय, अख्खा कोर्स बघू." मी म्हणायला हवं होतं की बाबा, मला झेपणार नाही. पण सोलापूरचा माणूस पुण्यात, तेही साडूसमोर, असं म्हणत नाही.

पहिला होल पार ४ (म्हणजे चार फटक्यांत संपवायचा), ४१० यार्ड. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, बरा बसला. पुढे ग्रीनला अजून सव्वादोनशेच्या वर बाकी. माझ्याकडे तेवढं जाणारी काठीच नाही. तरी मारली, उजवीकडे गवतात. तिथून बाहेर काढायला दोन, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) दोन, ग्रीनवर तीन. नऊ. आणि हा माझा त्या दिवसाचा चांगल्यातला होल.

पाचवा होल पार ३, मध्ये दरी. १७५ यार्ड, सगळे हवेतून. सपाटीवर मी टॉप मारलेला, म्हणजे वरच्या बाजूला लागलेला, बॉल घरंगळत का होईना पुढे जातो, दरी ती सवलत देत नाही. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा मारताना मी डोळे मिटले होते असं साडू सांगतो. बॉल दरीत पडल्याचा आवाज येत नाही हे मला तेव्हा कळलं. नुसती शांतता, आणि माझी बॅग वाहणारा कॅडी तिच्यातून पुढचा बॉल काढतोय.

कॅडीबद्दल. पन्नाशीचा माणूस, गुडघ्याला पट्टा, बोलणं मोजकं. चौदाव्या होलपर्यंत त्याने मला काही शिकवायचा प्रयत्नच केला नाही. अकरावा बॉल हरवल्यावर तेवढं म्हणाला, "साहेब, उद्या पण खेळताय ना? उद्या ड्रायव्हर गाडीतच ठेवा. आणि लालवरून चला, मी कुणाला सांगत नाही."

१२९ फटक्यांपर्यंत मोजलं. शेवटच्या दोन होलवर बॉल उचलून खिशात टाकला, कारण मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा होता.

दुसऱ्या दिवशी साडू निळ्यावर गेला, मी आणि कॅडी लालवर. पहिला होल आता ३१० यार्ड. हायब्रिड काठीने १७०, मग १४० उरले, पाच नंबरच्या काठीने ग्रीनच्या तोंडाशी, एक चिप (जवळून उचललेला छोटा फटका), दोन पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके). पाच. मी त्या पाचाकडे बराच वेळ बघत होतो. कोर्स तोच होता आणि आदल्या दिवशी मी तो पाहिलाच नव्हता! आदल्या दिवशी मी फक्त गवत पाहिलं. आज कळलं की डावीकडचा बंकर तिथे का आहे, दुसरा शॉट उजवीकडून आला तर ग्रीन कसं उघडतं. कोर्स बांधणाऱ्याने जे कोडं घातलंय ते सोडवायला आधी त्या कोड्यापर्यंत पोचावं लागतं.

ग्रीनवर मात्र टी कुठलीही असो, सुटका नाही. मला चढ दिसायचा तिथे कॅडी म्हणायचा उतार आहे. डोंगरावर असंच होतं म्हणे, सगळा डोंगरच कललेला असल्यामुळे डोळा फसतो. त्याचा एकच नियम : "दरी कुठंय ते बघा, बॉल तिकडं ओढणार." तीन वेळा ऐकलं, तीनदा बरोबर. चौथ्यांदा शहाणपणा केला आणि बॉल ग्रीनच्या खाली.

१०८ फटके. हरवलेले बॉल दोन.

माझं म्हणणं एवढंच की आपल्यासारख्या हौशी माणसाने रिसॉर्टवर मागच्या टीवरून खेळायचा माज करू नये. ज्यांना पटत नाही त्यांनी भांडावं.

---

हुरडा_पार्टी | रविवार, रात्री १०:४०

चौथा मीच. काय ओ अण्णा, अकरा बॉल? एका बॉलच्या पैशात आपल्याकडं दोघांचा नाष्टा होतो बे. म्हणजे तुम्ही बावीस माणसांचा नाष्टा दरीत टाकून आलाव.

आणि लहानपणी विटी हरवली तर आपण तासभर शोधायचो. तुम्ही शोधलं का नाही?

---

कडक_भाकरी | रविवार, रात्री १०:५१

शोधायला तीनच मिनिटं मिळतात. २०१९च्या आधी पाच होती, आता तीन. त्यानंतर बॉल सापडला तरी तो हरवलेलाच धरतात. आणि दरीत उतरायचा रस्ता मला कुणी दाखवला नाही.

---

थ्री_पट_पुणेकर | सोमवार, सकाळी ७:०५

मी पुण्यात आठ वर्षं खेळतोय, हँडिकॅप १७ (म्हणजे पारपेक्षा साधारण सतरा फटके जास्त). कडक_भाकरी यांच्याशी सहमत, पण भावनेऐवजी आकडे देतो, म्हणजे त्यांच्या साडूंना दाखवता येतील.

अमेरिकेतल्या पीजीए आणि यूएसजीए या संस्थांनी २०११मध्ये 'पुढच्या टीवरून खेळा' अशी मोहीमच काढली होती. त्यांचा तक्ता असा : सरासरी ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) २५० यार्ड असेल तर १८ होलचा कोर्स ६,२०० ते ६,४०० यार्डांचा घ्या. २२५ असेल तर ५,८०० ते ६,०००. २०० असेल तर ५,२०० ते ५,४००. दुसरा सोपा हिशोब, पाच नंबर आयर्न किती जातो त्याला ३६ने गुणा.

सरासरी म्हणजे आठवणीतला सगळ्यात लांब ड्राइव्ह नव्हे. आपल्याकडे सगळी गल्लत तिथेच होते.

---

कडक_भाकरी | सोमवार, सकाळी ९:३०

पुण्याहून आल्यावर मी हे मोजलं. मेहुण्याची शेतमोजणीची टेप, वीस ड्राइव्ह, टप्प्यापर्यंतचं अंतर. सरासरी १८७ यार्ड. मे महिन्यातले ते २३० म्हणजे टणक रानाने दिलेलं कर्ज होतं. पाच नंबर १४५, गुणिले ३६, म्हणजे ५,२२०. लाल टीवरचा आकडा तोच! कॅडीने हे कागदाशिवाय काढलं होतं.

---

अस्सल_निळा | सोमवार, सकाळी १०:१५

असहमत. रिसॉर्टला माणूस वर्षातून एकदा जातो. डोंगरावरच्या उंच टी बॉक्सवरून खाली फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) दिसतो तो अनुभव मागच्या टीवरच असतो. पुढे जाऊन तीन आकडी स्कोअर दोन आकडी करण्यात काय मर्दुमकी? लेडीज टीवरून खेळायचं तर पिच-अँड-पटचा छोटा कोर्स खेळा की.

---

गोवळकोंडा_डॉक्टर | सोमवार, दुपारी १:२०

अस्सल_निळा, 'लेडीज टी' हा शब्द आता टाका. टीला लिंग नसतं, अंतर असतं. हँडिकॅपच्या पद्धतीतही प्रत्येक टीला स्वतःचं कोर्स रेटिंग (मुरलेल्या खेळाडूला लागणारे फटके) आणि स्लोप (साध्या खेळाडूला ती टी किती जड जाते) असतं. स्लोप ५५ ते १५५मध्ये असतो, ११३ हा सर्वसाधारण. तुमचा हँडिकॅप इंडेक्स त्या स्लोपने गुणून ११३ने भागायचा आणि त्यात रेटिंग व पार यांतला फरक मिळवायचा, म्हणजे त्या टीवर किती फटके मिळतात ते कळतं. पुढच्या टीवरून खेळलात तर फटकेही कमी मिळतात. फुकट काही नाही, मर्दुमकी सुरक्षित आहे.

मी मूळची सोलापूरचीच, शाळा सात रस्त्याजवळ, आता बारा वर्षं हैदराबादला. रविवारी सकाळी गोवळकोंडा किल्ल्याला लागून नया किल्ल्याचा कोर्स आहे तिथे खेळते. एकीकडे तटबंदी, दुसरीकडे आपला बॉल शोधणारे आपण. सोलापूरकरांनी पुण्याकडेच का बघायचं हे मला कळत नाही. हायवे तोच, ६५ नंबर. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या थोडं वर. इकडे गच्चीबावलीला बोल्डर हिल्स आहे, नावाप्रमाणेच खडकांतून काढलेला कोर्स. हत्तीएवढे धोंडे फेअरवेच्या कडेला उभे असतात. डोंगरदरी पाहिलीत, आता खडक पाहा.

---

हुरडा_पार्टी | सोमवार, दुपारी १:४४

डॉक्टर ताई, बॉल धोंड्याला आपटून परत आपल्याच अंगावर आला तर?

---

गोवळकोंडा_डॉक्टर | सोमवार, दुपारी २:१०

चुकून अंगाला लागला तर दंड नाही, जिथे थांबेल तिथून खेळायचं. माझा एकदा टीच्याही मागे गेला होता. चौथा फटका, आणि मी सुरुवातीपेक्षा लांब.

धोंड्याचा नियम मजेदार आहे. जमिनीत घट्ट रुतलेला खडक हा कोर्सचा भाग, त्यासाठी फुकट सवलत नाही. बॉल त्याला चिकटला तर अनप्लेएबल (खेळता न येणारा) म्हणायचं, एक फटका दंड भरायचा आणि दोन काठ्यांच्या अंतरात ड्रॉप घ्यायचा (बॉल हातातून सोडायचा), होलच्या जवळ न जाता. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही, तेही २०१९मध्ये बदललं. पण दगड सुटा असेल तर मात्र कितीही मोठा असला तरी हलवता येतो. १९९९च्या फीनिक्स ओपनमध्ये टायगर वुड्सचा बॉल एका अजस्र धोंड्यामागे अडकला. तो धोंडा रुतलेला नाही असं ठरलं आणि प्रेक्षकांनी मिळून ढकलला. तुमच्यामागे एवढे प्रेक्षक असतील तर प्रश्नच नाही.

---

हुरडा_पार्टी | सोमवार, दुपारी २:१५

गड्ड्याच्या जत्रेत खेळू. माणसं मिळतील.

---

ज्वारी_वाला | सोमवार, रात्री ८:३०

मी गोल्फ खेळत नाही, खेळणारही नाही. शेती मोहोळ तालुक्यात. एक विचारू का? ते फेअरवेवरचं गवत कुठलं असतं?

---

थ्री_पट_पुणेकर | सोमवार, रात्री ८:५५

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्म्युडा किंवा तिचे संकर. काही नव्या कोर्सवर पास्पालम.

---

ज्वारी_वाला | सोमवार, रात्री ९:२०

हेच ऐकायचं होतं. बर्म्युडा म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. काळ्या रानात एकदा शिरली की नांगराने तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो. माझ्या वडलांनी हरळी खणून काढण्यात अर्धं आयुष्य घालवलं, मी औषध मारण्यात घालवतोय. आणि तुम्ही लोक तिच्यावर चालायला पैसे भरताय! मला सांगितलं असतं तर अडीच एकर तयार कोर्स होता.

हसण्यावारी सोडा, पाण्याचं बोला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. बरोबर एक टँकर. २५ हेक्टर हिरवं ठेवायचं, उन्हाळ्यात रोज नुसतं ५ मिलिमीटर धरलं, तर साडेबारा लाख लिटर. रोज सव्वाशे टँकर. उजनी उशाला असून आपल्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. कडक_भाकरी, तिथे स्प्रिंकलर फिरताना तुम्हाला काय वाटलं?

---

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ११:०५

खरं सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, धुकं, उतारावर फवारे सुरू, त्यात उन्हाचं इंद्रधनुष्य. सुंदर दिसत होतं. आणि त्याच वेळी बायकोचा फोन : आज नळाचा दिवस होता, मोटार जळाली, टाकी अर्धीच भरली. मी फोनवर बोलतोय आणि बुटांवर फवारा पडतोय. मी दोन पावलं मागे सरकलो, का ते मलाही सांगता येणार नाही.

तुमचा हिशोब चुकीचा नाही. एवढंच भर घालतो की अनेक ठिकाणी हे पाणी सांडपाणी शुद्ध करून घेतलेलं असतं, आणि खरा जीव ग्रीनमध्ये असतो. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात, एक दिवस चुकला तरी खेळ बिघडतो. पण अठरा ग्रीन मिळून जागा जेमतेम हेक्टरभर. फेअरवे उन्हाळ्यात पिवळे पडू दिले तर खेळ अडत नाही, फोटो तेवढा बिघडतो. रिसॉर्टला फोटो विकायचा असतो, तिथे गाडी अडते.

---

सुभेदार_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६:१५

या पाण्याच्या भांडणात माझी भर. तीस वर्षं फौजेत होतो, गोल्फ तिथे शिकलो. राजस्थानातल्या एका छावणीत आमच्या कोर्सवर एक थेंब पाणी नव्हतं. ग्रीनच्या जागी 'ब्राऊन' असायचे. वाळूत जुनं तेल कालवून गोल अंथरायचं, म्हणजे वारा उडवत नाही. पट करण्याआधी लांब दांड्याचा पाटा ओढून बॉलपासून होलपर्यंत वाट सपाट करून घ्यायची, खळं सारखं करतात तशी. बॉल थोडा हळू जातो, पण सरळ जातो. दरी-बिरी काही ओढत नाही.

फेअरवे म्हणजे माळ. बॉल उचलून छोट्या चटईच्या तुकड्यावर ठेवायचा आणि मारायचा. मजा कमी होती असं मला कधी वाटलं नाही. सोलापूरच्या माळाला ब्राऊनच शोभेल. मात्र नान्नजकडे बघू नका, तो माळ माळढोकाचा आहे.

आणि वर कुणी श्रीमंतांचा खेळ म्हणालं. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९चा, त्या काळी साहेबांचाच. पण त्याच क्लबातल्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २०१६ आणि २०१७, अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. त्याआधी १९९१मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा एका भारतीय व्यावसायिक खेळाडूने जिंकली तो अली शेर, दिल्लीत कॅडी होता. तुमच्या त्या गुडघ्याला पट्टावाल्या माणसाला विचारा तो किती खेळतो.

---

कडक_भाकरी | मंगळवार, सकाळी ८:४०

विचारलं होतं, सुभेदार साहेब. सोमवारी कॅडींना खेळायची मुभा असते म्हणाला. त्याचा हँडिकॅप विचारल्यावर हसला आणि म्हणाला, "पूर्वी चार होता. आता गुडघा." नंतर सोळाव्या होलवर मी बंकरमध्ये तिसऱ्यांदा फावडं मारल्यासारखी काठी घातली, तेव्हा त्याने माझी सँड वेज मागून घेतली, काठीचं तोंड उघडं धरून वाळूत एक रेघ मारली आणि सांगितलं की बॉलला मारायचंच नाही, बॉलच्या मागची ही रेघ मारायची. स्वतः बॉल न ठेवता दोनदा मारून दाखवलं, वाळू पसाभर उडून ग्रीनवर पडली. मी मारला, बाहेर आला. चार वर्षांत यूट्यूबवर हे मी पन्नास वेळा पाहिलं असेल.

---

नवखा_जुळे_सोलापूर | मंगळवार, दुपारी १२:३०

मालक लोक, मला सुरुवात करायची आहे. सेट केवढ्याला? कपडे? एकदम रिसॉर्टला गेलो तर हाकलून देतील का?

---

कडक_भाकरी | मंगळवार, दुपारी १:१५

नवा सेट घेऊ नका. नियमाने जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात, तुम्हाला सात पुरतात : एक हायब्रिड, पाच, सात आणि नऊ नंबर, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. सगळ्यात जास्त वापर पटरचा, आणि लोक सगळ्यात कमी विचार त्याचाच करतात. कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नको, बूट सपाट तळाचे चालतील. जुने बॉल डझनाने मिळतात. दरीचा कोर्स असेल तर दोन डझन, माझा अनुभव वर आहेच.

हाकलत नाहीत, पण आधी फोन करा. काही ठिकाणी हँडिकॅप सर्टिफिकेट मागतात, काही ठिकाणी सदस्याबरोबर यावं लागतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर दर उतरतो आणि मागे उभं राहून उसासे टाकणारं कुणी नसतं. ग्रीन फीमध्ये कार्ट आणि कॅडी धरलेत का हे बुकिंग करतानाच विचारा. मी विचारलं नव्हतं, बिल बघून साडूने माझ्याकडे पाहिलं आणि मी डोंगराकडे.

एक किस्सा. जाताना हुतात्मा एक्सप्रेसने गेलो, सोबत गोल्फची बॅग. कुर्डुवाडीला चढलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बँडवाले का?" मी हो म्हणालो. समजावून सांगण्यापेक्षा सोपं होतं. दौंडपर्यंत ते लग्नाच्या तारखा विचारत होते.

---

थ्री_पट_पुणेकर | मंगळवार, दुपारी ३:००

नवख्यांना अजून दोन गोष्टी.

बॉल कोर्सबाहेर गेला किंवा हरवला तर मूळ नियमाने परत टीवर जाऊन तिसरा फटका मारायचा. रिसॉर्टवर असं सारखं केलं तर संध्याकाळ होईल. २०१९पासून एक स्थानिक नियम लावता येतो : जिथे हरवला त्याच्या बाजूला फेअरवेच्या कडेला ड्रॉप घ्या, दोन फटके दंड, पुढचा तुमचा चौथा. तो लागू आहे का हे स्टार्टरला विचारा.

आणि फटके मोजू नका, स्टेबलफर्डने खेळा. तुमच्या हँडिकॅपचे फटके वजा करून त्या होलवर पार आला तर २ गुण, एक जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३. दोन किंवा जास्त वाढले तर शून्य, बॉल उचला, पुढे चला. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत इंग्लंडमध्ये १९३२पासून खेळतात, आणि माझ्यासारख्यांचे रविवार तिने वाचवलेत. पहिल्या होलवर नऊ गेले तरी दिवस बुडत नाही.

जाता जाता : नाशिकला गेलात तर 'गोल्फ क्लब मैदान' नाव ऐकून बॅग घेऊन जाऊ नका. तिथे क्रिकेट चालतं. हे मी कुणाचं तरी ऐकून सांगतोय असं समजा.

---

अस्सल_निळा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

तक्ता वाचला. सरावाच्या रेंजवर जाऊन दहा ड्राइव्ह मोजले. आकडा इथे लिहिणार नाही.

तरी माझं म्हणणं कायम आहे की त्या उंच टी बॉक्सवरून एकदा तरी मारावा. स्कोअर नका धरू. मारा, दरीत जाऊ द्या, आणि मग पुढे चालत जा.

---

गोवळकोंडा_डॉक्टर | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

हे मात्र मान्य. मी बोल्डर हिल्सला असंच करते. एक बॉल मागून, डोळ्यांसाठी. मग खेळ पुढून.

कडक_भाकरी, गड्डा झाला की या इकडे. जानेवारीच्या शेवटी सकाळी हवा छान असते. मी टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेते, चौघांचा. येताना कारखान्यातले टॉवेल आणा. इथे प्रो-शॉपमध्ये बॅगेला अडकवायचा हातभर टॉवेल ज्या किमतीला देतात ती वाचून मला माहेरची आठवण येते.

---

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री ९:५०

टॉवेलचं आधीच मनावर घेतलंय. आपल्या टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे आणि बॅगेला लटकतोय चीनचा, हे काही बरोबर नाही. गेल्या आठवड्यात मागावर वीस नग काढले, १६ बाय २४ इंच, एका कोपऱ्याला आयलेट. पहिले दोन त्या कॅडीला कुरिअर केले. त्याचा फोन आला : टॉवेल चांगला आहे, पण पाणी लवकर पीत नाही, दोनदा धुतल्यावर बघतो. धंद्यात मला एवढा स्पष्ट अभिप्राय फार कमी वेळा मिळालाय.

हैदराबाद पक्कं. मी, डॉक्टर आणि सुभेदार साहेब येत असतील तर तेही. चौथा हुरडा_पार्टी. त्याने काल माझ्या मेहुण्याच्या रानात पहिल्यांदा काठी धरली, वीसपैकी तीन बॉल हवेत गेले, आणि आता म्हणतोय की मी निळ्यावरूनच मारणार.

---

हुरडा_पार्टी | मंगळवार, रात्री १०:०२

मारणारच की. तीन गेलेत ना हवेत.

---

कडक_भाकरी | मंगळवार, रात्री १०:०४

बॉल स्वतःचे आण.